पूर्णवेळ सेवेचे पाचारण आणि घरची जबाबदारी: निर्णय कसा घ्यावा?

प्रश्न : नगर जिल्ह्यातील एक शिक्षक

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या पाळकसाहेबांकडे अनेक गावांच्या मंडळ्या असल्यामुळे त्यांना प्रत्येक रविवारी आमच्याकडे येणे शक्य होत नाही. ते नसतात त्या रविवारी शास्त्रपाठ, प्रार्थना आणि बहुधा उपदेशही माझ्याकडेच असतो. गेल्या पावसाळ्यात मंडळीतील एका मजूर कुटुंबातला तरुण मुलगा अचानक गेला. ओढ्याला पाणी असल्याने पाळकसाहेब पोहोचू शकले नाहीत आणि दफनविधी मलाच चालवावा लागला. उपासनेच्या पुस्तकातील प्रार्थना मी वाचल्या, सर्वांबरोबर मूठभर माती टाकली, आणि घरी परतल्यावर त्या मुलाच्या आईने मला विचारले, "गुरुजी, आता उद्या कोण येणार?" पुढे काही दिवस रोज संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन एकेक स्तोत्र वाचत राहिलो. नोकरी सोडून पाळक म्हणून पूर्णवेळ सेवा करावी, हा विचार त्याआधीही मनात येऊन जात असे; तेव्हापासून मात्र त्याचे ओझे उतरलेले नाही. यशयाच्या सहाव्या अध्यायातील "मी कोणाला पाठवू?" हा प्रश्न वाचला की पुढचे वाचवत नाही.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला असून त्यांचे उठणे-बसणे माझ्यावर आणि पत्नीवर अवलंबून आहे. दोन मुले शाळेत आहेत, घराचे कर्ज फिटायचे आहे आणि स्वेच्छानिवृत्तीसाठी लागणारी २० वर्षांची सेवा पूर्ण व्हायला बराच अवधी आहे. पत्नीला मी मनातले सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "देवाची इच्छा असेल तर मी कोण नाही म्हणणार?" त्या उत्तराने मला आनंद व्हायला हवा होता, पण तसा तो झाला नाही.

एका प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला लूक ९:६२ दाखवले: नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्यास योग्य नाही. त्यांच्या मते पाचारण, म्हणजे सेवेसाठी आलेली देवाची हाक, ऐकून थांबणे म्हणजे आज्ञाभंग. हे पाचारण खरोखर देवाचे आहे की ते माझ्या भावनेचे आणि मंडळीच्या गरजेचे मिश्रण आहे, हे कसे ओळखावे? आणि ते देवाचे असेल तर वडील हयात असेपर्यंत थांबणे हा अविश्वास ठरेल काय? ज्यांनी या वाटेने प्रवास केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त पाळक, सोलापूर

प्रिय गुरुजी, सलाम.

प्रथम त्या वचनाविषयी लिहितो, कारण त्या एका वचनाने तुम्हाला घाबरवले आहे. लूकच्या नवव्या अध्यायात प्रभू ज्यांच्याशी बोलतो त्यांच्यापैकी कोणाच्या अंतःकरणात काय चालले होते ते त्याला ठाऊक होते. तुमच्या अंतःकरणात काय चालले आहे ते त्या वडीलधाऱ्या बंधूंना ठाऊक नाही. त्याच प्रभूने मार्कच्या सातव्या अध्यायात आईबापांच्या वाट्याचे धन 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून स्वतःची सुटका करून घेणाऱ्यांना किती कठोर शब्दांत फटकारले आहे, तेही वाचा. देवाचे नाव पुढे करून बापाची जबाबदारी टाळणे हे प्रभूला मान्य नव्हते. दोन्ही वचने एकाच मुखातून आलेली आहेत, आणि त्यांपैकी एकच हाती घेऊन दुसऱ्यावर मारू नये. अंथरुणाला खिळलेल्या बापाला उठवून बसवणारा मुलगा नांगर सोडून मागे पाहत आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभूने गाठले हे आपण वारंवार सांगतो, पण त्यानंतर काय झाले ते सहसा सांगत नाही. गलतीकरांस लिहिताना तो स्वतः म्हणतो की आपण अरबस्तानात गेलो, दिमिष्कास परतलो आणि ३ वर्षांनी यरुशलेमेस गेलो. पुढे त्याला तार्सास पाठवण्यात आले. तेथून बर्णबाने त्याला शोधून अंत्युखियास आणले, आणि तेथे सबंध वर्ष मंडळीत शिकवल्यानंतर प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये उपवास आणि प्रार्थना करून मंडळीने त्याच्यावर हात ठेवले आणि त्याला सेवेस पाठवले. पाचारण आणि पाठवणी यांच्यामध्ये ही सारी वर्षे गेली. त्या वर्षांना कोणी आज्ञाभंग म्हणत नाही.

याच अध्यायात तुमच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर आहे. आत्म्याने सांगितले ते एकट्या शौलाच्या कानात नाही, तर उपासना करणाऱ्या मंडळीला सांगितले. आपल्या परंपरेत उमेदवाराची शिफारस पास्टोरेट कमिटीने (स्थानिक मंडळीच्या समितीने) करायची, मग डायोसिसने (धर्मप्रांताने) त्याची मुलाखत घ्यायची, मग ईश्वरविज्ञानाचे शिक्षण, मग परिवीक्षा, मग डीकन (साहाय्यक सेवक) आणि त्यानंतर प्रेस्बिटर (दीक्षित पाळक), अशी जी लांब वाट आहे ती केवळ कार्यालयीन कटकट आहे असे तरुणांना वाटते. मी त्या कमिट्यांमध्ये बसलो आहे. कधी कधी तेथे माणसांची ओळखपाळख आणि गावकी चालते, हे मी नाकारत नाही आणि त्याचे मला दुःख आहे. तरीही ती वाट असावीच, कारण स्वतःच्या पाचारणाचा एकमेव साक्षीदार स्वतःच असलेला माणूस मंडळीला फार त्रासदायक ठरतो. बायबलमधील बालक शमुवेललाही देवाची हाक ऐकू आली तेव्हा ती कोणाची हे कळण्यासाठी एली लागला, आणि तो एली काही आदर्श याजक नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, तुमच्या मंडळीतील जी माणसे तुमची भीड ठेवणार नाहीत अशा दोघा-तिघांना विचारा: माझ्या उपदेशाने तुम्हाला काय मिळते? मी चिडतो कधी? माझ्याकडे कोणते गुपित सांगायला तुम्ही धजाल? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बाहेरच्या लोकांचीही साक्ष चांगली असावी असे म्हटले आहे. तेव्हा शाळेतील सहकारी तुमच्याविषयी काय म्हणतात याकडेही लक्ष द्या. बायबलमधील गिदोनाप्रमाणे लोकर पसरून देवाकडे चिन्हे मागू नका. गिदोनाला आज्ञा आधीच मिळाली होती. त्याची लोकर त्याच्या धाडसाची नव्हे, भीतीची खूण होती.

शेवटी व्यवहाराचे. सेरामपूर सिनेट या ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचा बी. डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) अभ्यासक्रम पदवीधरास साधारण ४ वर्षे सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात, राहून करावा लागतो. परंतु त्याच सिनेटचे नोकरी करणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी घरी राहून करायचे अभ्यासक्रमही आहेत, बी. सी. एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) ही पदवी त्या मार्गाने मिळते. शिक्षण विभागाची रीतसर परवानगी घेऊन तुम्ही तो अभ्यास आज सुरू करू शकता. त्यासाठी वडिलांना सोडावे लागणार नाही, आणि अभ्यास तुम्हाला मानवतो की नाही तेही कळेल. उपदेश करण्याची आवड असलेल्या पुष्कळांना अभ्यासाची आवड नसते.

उत्तर : एक सुवार्तिक, मराठवाडा

पाळकसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे लिहितो. पहिले राजे १९ मध्ये एलीयाने अलीशावर झगा टाकला तेव्हा अलीशाने आईबापांचा निरोप घेण्याची परवानगी मागितली आणि ती त्याला मिळाली. पण निरोप घेऊन तो शेतात परतला नाही. त्याने बैलांची जोडी कापली, औताचे लाकूड जाळून मांस शिजवले आणि लोकांना जेवू घातले. परत येण्याचे साधनच त्याने उरू दिले नाही. आपल्या मंडळ्यांत मी अशी कितीतरी माणसे पाहतो की, ज्यांचे पाचारण मुलांच्या शिक्षणानंतर, मग मुलीच्या लग्नानंतर, मग निवृत्तीनंतर असे पुढे सरकत गेले, आणि शेवटी देवाच्या वाट्याला त्यांचा थकवा तेवढा आला. गुरुजी, थांबायचे असेल तर थांबा, पण कशासाठी आणि कधीपर्यंत ते देवासमोर स्पष्ट बोलून थांबा. 'सध्या नको' या दोन शब्दांना मुदत नसते.

उत्तर : पाळकीणबाई, पुणे जिल्हा

गुरुजी, तुमच्या पत्नीचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. "देवाची इच्छा असेल तर मी कोण नाही म्हणणार?" हा होकार नाही. ज्या बाईसमोर नवऱ्याने देवाचे नाव घेऊन प्रश्न ठेवला आहे तिला दुसरे काय उत्तर देता येईल? तुम्हाला आनंद झाला नाही, यावरून तुम्हालाही ते आतून कळले आहे असे दिसते, आणि याबद्दल मला तुमच्याविषयी आशा वाटते.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात या विषयावर बोलताना टिळकांच्या घराची आठवण टाळता येत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या एका निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे: काही वर्षांचा वियोग, नातलगांचा आकांत, लहान मुलाला घेऊन दुसऱ्यांच्या दारी काढलेले दिवस. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विश्वासाने ख्रिस्ती झाल्या. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. टिळकांच्या पाचारणाविषयी माझ्या मनात शंका नाही. पण व्यासपीठावरून टिळकांची गोष्ट सांगणारे उपदेशक लक्ष्मीबाईंचा उल्लेख 'नंतर त्याही आल्या' एवढ्यावर उरकतात, तेव्हा मला उठून बोलावेसे वाटते. त्यांना देवाने वेगळे बोलावले, त्यांच्या वेळेला बोलावले, आणि त्या स्वतः चालत आल्या.

पाळकाच्या घरात काय असते ते तुमच्या पत्नीला कोणीतरी बाईने सांगायला हवे. दर काही वर्षांनी बदली होते, आणि मुलांची शाळा वर्षाच्या मधोमध सुटते. राहायला मंडळीचे घर मिळते, पण ते निवृत्तीच्या दिवशी रिकामे करायचे असते, म्हणून पाळक साठीला पोहोचतो तेव्हा स्वतःचे छप्पर नाही अशी कुटुंबे मी पाहिली आहेत. मानधन काही ठिकाणी वेळेवर मिळते, काही ठिकाणी नाही. रात्री अकराला दार वाजते तेव्हा नवरा गावी गेलेला असला तरी दार तुम्हीच उघडता, चहा तुम्हीच ठेवता, आणि समोर बसलेली बाई रडत असते तेव्हा प्रार्थनाही तुम्हीच करता. "पाळकाचा मुलगा असून असा वागतो" हे वाक्य माझ्या मुलांनी फार लहानपणी ऐकले. हे सारे सांगूनही मी म्हणेन की हे जीवन मला प्रिय आहे. त्या रात्रीच्या दारांतून जी माणसे आत आली ती इतर कोणत्याही घरात मला भेटली नसती. पण मला लग्नाआधी सर्व माहीत होते, कारण मी पाळकाच्याच घरात वाढले. तुमच्या पत्नीने शिक्षकाशी लग्न केले आहे.

तेव्हा तिला पुन्हा विचारा, आणि या वेळी देवाची इच्छा काय असे न विचारता तिला कशाची भीती वाटते ते विचारा. तिने सांगितलेल्या भीतीला लगेच वचन काढून दाखवू नका. वाटल्यास तिला आमच्याकडे दोन दिवस राहायला पाठवा. स्वयंपाकघरात बसून जे बोलता येते ते सभेत बोलता येत नाही.

उत्तर : एक धर्मभगिनी, वसई

गुरुजी, मी कॅथलिक धर्मभगिनी असल्यामुळे आमची रचना तुमच्याहून निराळी आहे. पण हाक पारखण्याचा प्रश्न एकच आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

आमच्याकडे या बाबतीत लोयोलाच्या संत इग्नेशियसचा आधार घेतात. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी पराक्रमाची आणि दरबाराची स्वप्ने रंगवत, तर कधी वाचलेल्या संतचरित्रांसारखे जगण्याचा विचार करत. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. फरक नंतर जाणवे: पहिल्या विचारांनंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यांनंतरचा आनंद टिकून राही. एवढ्या साध्या निरीक्षणावर त्यांची पुढची सारी शिकवण उभी राहिली, आणि त्यांनी नोंदवलेल्या साधनेला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. दफनविधीनंतर तुमच्या मनात जे दाटून आले ते खरेच आहे, पण त्या क्षणाने निकाल लागत नाही. पावसाळा संपून पुष्कळ दिवस झाले, शाळेची परीक्षा झाली, निवडणुकीचे काम झाले, कंटाळ्याचे आणि चिडचिडीचे दिवस आले, आणि तरीही ते ओझे शांतपणे तेथेच आहे काय? ते मनात असताना तुम्ही वडिलांशी अधिक प्रेमाने वागता की त्यांचा अडसर वाटू लागतो? माझ्या मते ही दुसरी कसोटी फार मोलाची आहे. देवाकडून आलेली ओढ आपल्या माणसांचा राग करायला शिकवत नाही.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम तुम्हाला उपयोगी पडेल: मन खचलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये. आणि एक युक्ती अशी: तुमच्यासारख्याच परिस्थितीतील एखादा अनोळखी शिक्षक तुमच्याकडे सल्ला मागायला आला आहे असे समजा, आणि त्याचे केवळ भले व्हावे या हेतूने त्याला काय सांगाल ते वहीत लिहा. रोज रात्री पंधरा मिनिटे दिवसभराचा विचार करताना ती वही जवळ ठेवा.

थांबण्याविषयी म्हणाल, तर आमच्यात नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचा उमेदवारीचा काळ, किमान १२ महिन्यांचा असतो आणि त्यानंतर किमान ३ वर्षे तात्पुरती व्रते घेतल्यावरच आजन्म व्रतांचा विचार होतो. ख्रिस्तसभाच जर इतकी वर्षे थांबते, तर तुम्ही थांबण्याची लाज का बाळगावी? आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर (जेझुइट धर्मसंघाबरोबर) राबले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू झालेच नाहीत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले, आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. व्यापाराची ती वर्षे वाया गेली असे आम्ही वसईकर कधी म्हणत नाही. जपानी भाषा त्यांना चांगली येत होती म्हणूनच ते फ्रान्सिस्कनांबरोबर पुन्हा जपानला गेले.

उत्तर : परिचारिका, मिरज

वरील सर्वांनी 'सेवेला जावे की थांबावे' असा विचार केला आहे. मला असे विचारायचे आहे की, गुरुजी जे करत आहेत ती सेवा नाही काय? मार्कच्या पाचव्या अध्यायातील भूतग्रस्त माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर येण्याची विनवणी करतो, आणि येशू त्याला सोबत घेत नाही; घरी आपल्या लोकांकडे जाऊन प्रभूने काय केले ते सांग, असे म्हणतो. हेही पाचारणच होते, आणि त्याने ते पाळले. मार्टिन लूथर यांनी १५२२ साली विवाहजीवनाविषयी लिहिताना म्हटले की, बाप विश्वासाने बाळाची लंगोटी धुतो तेव्हा लोक हसले तरी देव आपल्या सर्व दूतांसह आनंदाने पाहतो. आजारी वडिलांची चादर बदलणाऱ्या मुलालाही हे लागू आहे.

आमच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले. त्या परंपरेत वाढल्यामुळे असेल, पण रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलताना मी मनात प्रार्थना करते तेव्हा मला कधी कमी दर्जाच्या जागी असल्यासारखे वाटले नाही. पंडिता रमाबाईंवर कोणी दीक्षेसाठी हात ठेवले नव्हते. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी केडगावला मुक्ती सदन चालवले आणि हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. पाळकपणाला मी कमी लेखत नाही. परंतु विश्वासूपणे काम करणारा प्रत्येक माणूस आपण काढून सेमिनरीत पाठवला, तर गावातल्या मंडळीत त्या आईला "मी येईन" असे सांगायला कोण उरेल?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पाळकीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे मी पत्नीशी पुन्हा बोललो. या वेळी ती बराच वेळ बोलली. तिची भीती पैशाची नव्हती. माझ्या गैरहजेरीत वडिलांना एकटीने उचलावे लागेल आणि एखाद्या दिवशी ते हातून निसटतील, याची तिला रोज भीती वाटते, आणि हे मला आजवर ठाऊक नव्हते. आता सकाळी शाळेत जाण्याआधी मीच त्यांना उठवून बसवतो, आणि दुपारसाठी शेजारच्या एका मुलाला मदतीला ठेवले आहे.

सुवार्तिक बंधूंची सूचनाही मी मानली आहे. पत्नीसमवेत प्रार्थना करून असे ठरवले की, वडील आहेत तोवर गाव सोडायचे नाही, आणि तोवर घरी राहून अभ्यास पुरा करायचा. मग मंडळीने शिफारस केली तर पुढे जायचे. मिरजेच्या ताईंच्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. कदाचित आमच्या मंडळीत राहूनच तो अभ्यास कामी येईल. सिस्टर, वही सुरू केली आहे. पाळकसाहेब, बी. सी. एस. साठी अर्ज करताना पास्टोरेट कमिटीचे पत्र जोडावे लागते काय?

उत्तर : निवृत्त पाळक, सोलापूर

गुरुजी, त्या वर्षीच्या प्रवेशपत्रिकेत काय मागितले आहे ते आधी पाहा. पत्र मागितलेले नसले तरी तुमच्या पाळकसाहेबांना सांगितल्यावाचून अर्ज करू नका. त्यांच्याकडे इतक्या गावांचा भार आहे. आपल्या मंडळीतला एक माणूस शिकतो आहे हे त्यांना तुमच्याच तोंडून कळावे. परीक्षेच्या तारखा शाळेच्या परीक्षांशी जुळत नसतील तर पहिल्या वर्षी कमी विषय घ्या. जुन्या करारापासून सुरुवात करणार असाल तर माझ्याकडची मराठी टीकापुस्तके देता येतील. नगरला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवतो.